काकूंची जट, चुलत्यांचा राग आणि स्पष्ट बोलण्याची रीत

निपाणीजवळच्या एका गावातील प्राथमिक शिक्षिकेने एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या काकूंच्या डोक्यात चार वर्षांपूर्वी जट आली. आता ती खांद्याखाली लोंबते, मान दुखते, रात्री कुशीवर वळता येत नाही. चुलते म्हणतात की ही सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीची जट आहे, तिला कात्री लावली तर घरावर अरिष्ट येईल. गेल्या पाडव्याला सगळे जेवायला बसलेले असताना शिक्षिका म्हणाल्या, "ही निव्वळ अंधश्रद्धा आहे." चुलते ताटावरून उठले आणि तेव्हापासून दोन घरांत बोलणे नाही. त्या लिहितात, "स्पष्ट बोलले तर अपमान होतो, आणि अपमान टाळायला गेले तर बोलायचेच राहून जाते. दोन्ही कसे साधायचे?"

मी चिक्कोडी, सौंदत्ती आणि खानापूर या तालुक्यांत मिळून ३१ वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर गावोगावच्या महिला मंडळांत याच विषयावर बोलत आले आहे. "बाई, तुमचं औषध खरं हो, पण देवाचं कसं करायचं?" हा प्रश्न मला इतक्या उंबऱ्यांवर भेटला आहे की त्याचे उत्तर देण्याच्या माझ्या चुका आता मला पाठ झाल्या आहेत. त्यांतल्या काही सांगते, कारण तुमच्या कामाला माझ्या यशापेक्षा त्याच अधिक येतील.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. स्पष्टपणा आणि आदर ही तराजूची दोन पारडी आहेत आणि एक जड केले की दुसरे वर जाणारच, असे तुम्ही धरून चालला आहात. माझा अनुभव वेगळा आहे. पाडव्याच्या त्या वाक्यात अपमान झाला, याचे मोठे कारण ते वाक्य पुरेसे स्पष्टच नव्हते. 'अंधश्रद्धा' हा शब्द चुलत्यांचे कोणते विधान चुकीचे आहे ते सांगत नाही. ते स्वतः कसे आहेत एवढेच सांगतो. कन्नडमधला 'मूढनंबिके' हा शब्दही तसाच आहे, त्यात तर मूढ म्हणून सरळ ठपकाच आहे. ज्याला आपण आंधळा किंवा मूढ म्हटले, त्याने आपल्याला कारणे विचारावीत अशी अपेक्षा तरी कशी करायची? संघटनेच्या नावात आणि कायद्याच्या चर्चेत हा शब्द असू द्यावा, पण समोर बसलेल्या माणसाशी बोलताना मी तो गेली कित्येक वर्षे उच्चारलेला नाही.

चुलत्यांचे म्हणणे नीट उकलून पाहा. त्यात किमान चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. केस आपोआप गुंतले आणि सुटेनात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. ते देवीने धाडलेले आहे, हा त्यांनी त्याला दिलेला अर्थ आहे. कापले तर वाईट घडेल, हे भाकीत आहे. आणि बहुतेक घरांत चौथी गोष्ट असते, जी कोणी पहिल्या भेटीत सांगत नाही: देवीला कधीतरी दिलेला शब्द. यातल्या पहिल्या गोष्टीवर वाद नाहीच. तेल, घाम, धूळ आणि भंडारा साचलेले केस विंचरले नाहीत की ते गुंततात, आणि एकदा ती जट देवीची ठरली की धुणे-विंचरणे आणखी बंद होऊन ती वाढत जाते. दुसरी गोष्ट कोणत्याही पुराव्याने खोडता येत नाही, म्हणून तिच्यावर शक्ती घालवू नये. तिसरी तपासता येते. चौथी खऱ्या-खोट्याच्या पलीकडची आहे, कारण शब्द पाळावा की नाही हा माणसाच्या इमानाचा प्रश्न असतो, आणि इमानाला कोणी अज्ञान म्हटले तर माणूस ताटावरून उठणारच.

हे मला फार महागात पडून कळले. १९९६ च्या सुमारास चिक्कोडी तालुक्यातील एका वस्तीवर मी एका बाईंच्या अंगणात उभी होते. त्यांच्या डोक्यात मनगटाएवढी जाड जट होती. मी तरुण होते, प्रशिक्षण ताजे होते आणि समोर त्यांच्या जावा आणि शेजारणी जमल्या होत्या. मी जटेचे टोक हातात धरून सगळ्यांना दाखवले: ही बघा धूळ, हे बघा मेलेले केस, यात देव कुठे आहे? कोणालाही उत्तर देता आले नाही. मी जिंकले. त्या बाईंनी काही न बोलता पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि आत गेल्या. पल्स पोलिओची मोहीम तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. पुढच्या फेरीला त्यांच्या नातवाला डोस पाजायला कोणी आणले नाही, आणि मी दारात गेले तर दार लोटून घेतले. दोन वर्षांनी त्यांच्याच एका जावेकडून कळले की थोरला मुलगा तापाने गेला त्या महिन्यात ती जट आली होती, आणि "धाकटा तरी राहू दे" म्हणून त्यांनी ती ठेवली होती. मी धुळीविषयी बोलत होते आणि त्या मुलाविषयी गप्प होत्या. त्या अंगणातले माझे एकही वाक्य खोटे नव्हते.

आमच्या बैठकीला बेळगावचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक येत असत. मी हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले की तुम्ही वाद केलाच नाही, जल्प केला. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे मला त्यांच्याकडून समजले. दोघांनाही खरे काय ते जाणून घ्यायचे असते तो वाद, फक्त जिंकायचे असते तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे मोडत राहणे ती वितंडा. आपण रोज ज्याला वितंडवाद म्हणतो तो शब्द तिथलाच. जल्पात छल चालतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ काढून तोच खोडून दाखवणे. त्याचे शास्त्रातले उदाहरण मोठे गमतीचे आहे: कोणी 'नवकंबल' असे म्हटले, त्याच्या मनात नवे कांबळे होते, पण प्रतिपक्षी विचारतो की याच्याजवळ तर एकच कांबळे आहे, नऊ कुठे आहेत? तुमच्या घरातही हे घडत असणार. चुलते "जट राहू दे" म्हणतात आणि तुम्ही "म्हणजे काकूंच्या मानेची तुम्हाला पर्वा नाही" असे ऐकता. तुम्ही "कापा" म्हणता आणि ते "म्हणजे तुला देव नको" असे ऐकतात.

याच परंपरेतली पूर्वपक्षाची शिस्त मला सर्वांत उपयोगी पडली. आपले उत्तर मांडण्याआधी दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचे. देव आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे लुप्त झाले आणि त्यांची मते आज आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून माहीत आहेत, यावरून या शिस्तीचे वजन लक्षात यावे. घरात ती अशी पाळता येते. चुलत्यांना म्हणावे, "काका, मला समजलं ते असं. ही जट देवीनं दिली, ती सांभाळली म्हणून घर सुखरूप आहे, आणि आता ती कापणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. बरोबर आहे का?" ते "व्हय, असंच" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. पुष्कळदा ते "तसं न्हवं" म्हणतात आणि मग खरी गोष्ट बाहेर येते. हे करताना आवाजात थट्टेचा कण जरी आला तरी सगळे फुकट जाते. थट्टा लहान मुलालाही ओळखू येते.

आता ज्या भाकिताची तपासणी करता येते त्याकडे वळते. सौंदत्ती तालुक्यातील एका घरी काही वर्षांपूर्वी सासूबाई स्वतःच जट काढायला निम्म्या तयार झाल्या होत्या. त्यांनी मला विचारले, "बाई, कापल्यावर काय झालं तर कोण बघणार?" पूर्वी मी "काही होत नाही" म्हणून मोकळी झाले असते. पण घर म्हटले की काही ना काही होतेच, आणि कापल्यानंतर जे होईल ते जटेच्या खात्यावर जमा होणार, हे मला तोवर कळले होते. म्हणून कात्री आणण्याआधी आम्ही ओसरीवर बसून शाळेच्या वहीत एक यादी केली: जट डोक्यावर असतानाच्या गेल्या वर्षभरात या घरात काय काय बिघडले? नातवाला टायफॉइड झाला होता. विहिरीवरची मोटर दोनदा जळली होती. जावयाची नोकरी गेली होती. म्हैस गाभडली होती. सुनेने एकेक आठवून सांगितले आणि सासूबाई मध्येच म्हणाल्या, "मोटर तीनदा की गं." एकूण अकरा गोष्टी झाल्या. मग मी विचारले की देवीचा कोप झाला हे आपण कशावरून धरायचे, ते आजच ठरवू या का? बराच वेळ बोलून त्यांनीच ठरवले की यादीतल्यासारखे काही झाले तर ते कोप म्हणून धरायचे नाही.

जट कापली. पंधरा दिवसांत मोटर पुन्हा जळली. शेजारणींनी माना हलवल्या, पण सासूबाईंनी वही मागवली आणि मोटरच्या पुढे आणखी एक रेघ मारली.

या प्रसंगात मी त्यांच्या देवीविषयी एक अक्षर बोलले नाही. देवी आहे की नाही, जट तिने दिली की नाही, हे दोन्ही प्रश्न जागच्या जागी राहिले. निकालाची खूण निकालाआधी ठरवली, एवढेच घडले. ही अट मलाही लागू होती हे मुद्दाम सांगते. त्यांनी मला उलट विचारले होते की कशाने तुमची खात्री पटेल, आणि मला काहीतरी प्रामाणिक उत्तर द्यावे लागले होते. समोरच्याला "तुमचे मत कशाने बदलेल?" असे विचारण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. उत्तर "कशानेच नाही" असे आले, तर मताग्रही कोण याचा फेरविचार करावा लागतो.

वादाचा मुद्दा लहान करण्याचे दुसरे उदाहरण खानापूर तालुक्यातले आहे. जंगलपट्टीत साप चावला की आधी मांत्रिकाकडे नेण्याची रीत होती. मंत्राने विष उतरत नाही हे सिद्ध करायला जाल तर हराल, कारण मांत्रिकाकडे बरे झालेल्यांची नावे असतात आणि ती खरी असतात. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणी चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात जातेच असे नाही. अशी माणसे कोणाच्याही हातून बरी होतात. आम्ही मंत्राच्या खरेपणाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि 'आधी कुठे जायचे' एवढ्यावर बोललो. एका वयस्क मांत्रिकांना दवाखान्यात बोलावून त्यांच्यासमोर काचेच्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवून दाखवले. घोणस किंवा फुरसे याचे विष भिनले असेल तर रक्त गोठत नाही. "हे आमच्याकडं कळायचं न्हाई," असे ते स्वतः म्हणाले, आणि पुढे आलेल्या माणसाला गाडीत बसवून, हवे तर मंत्र म्हणत, आधी दवाखान्यात धाडू लागले. आमच्यातल्या काहींना ही तडजोड पटली नाही. त्यांचे म्हणणे असे की मंत्राला आपण मूक संमती दिली. मी ते मान्य करत नाही, कारण मांत्रिकांनी मला सरळ विचारले तेव्हा मी सरळ सांगितले होते की मंत्राने विष उतरते असे मला वाटत नाही. विचारल्याशिवाय मत लादले नाही, विचारल्यावर लपवले नाही. आदराच्या नावाखाली आपले मत गिळून टाकणे हाही समोरच्याला कमी लेखण्याचाच प्रकार आहे; त्याला खरे ऐकून घेणे झेपणार नाही असे आपण परस्पर ठरवतो.

आपल्या भागात भाषेचा एक वेगळाच सापळा आहे. एका गावातल्या मिश्र बैठकीत मी एका कन्नडभाषक गृहस्थांना समजावत म्हणाले, "हे माझं अनुमान आहे." ते एकदम ताठरले. मराठीत अनुमान म्हणजे कारणांवरून काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये त्याच शब्दाचा रोजचा अर्थ संशय. मी त्यांच्यावर संशय घेतला असे त्यांना वाटले. दोन्ही भाषा कानावर असल्या की शब्द ओळखीचे वाटतात, आणि त्या ओळखीनेच घात होतो. म्हणून नाजूक चर्चेत संस्कृत वळणाचे जड शब्द टाळून "मला असं का वाटतं ते सांगते" असे साधे बोलावे. तुमचे घर मराठी असले तरी काकूंचे माहेर कन्नड असेल, तर याचा विचार कराच.

मताग्रह केवळ देवाधर्मात असतो असे समजू नका. १ नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सवाची पताका आणि दुसऱ्या गल्लीत काळ्या दिवसाची फेरी, हे बघत आपण वाढलो. १९५६ पासूनच्या त्या सीमाप्रश्नावर माझी मते इतकी घट्ट आहेत की त्या विषयावर मी स्वतः जल्प करते, हे माझ्या कन्नडभाषक मैत्रिणीने मला तोंडावर सांगितले आहे. ती खरे बोलते. चुलत्यांना आपली जट कशी वाटत असेल हे समजून घ्यायला मला तो विषय उपयोगी पडतो.

चर्चेला मर्यादाही आहेत. लहान मुलीच्या डोक्यात जट आली की तिला देवीला सोडण्याची खूण मानत असत. तिथे पूर्वपक्ष, यादी, वही यांपैकी काहीही करत बसायचे नाही. कर्नाटकात देवदासी समर्पणाला बंदी करणारा कायदा १९८२ चा आहे, अमानुष प्रथांविरुद्धचा २०१७ चा कायदाही आहे. अशा वेळी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि समजूत नंतर घालावी. काकू प्रौढ आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. आणि उलट बाजूची मर्यादाही सांगायला हवी. २०१५ मध्ये फेब्रुवारीत कोल्हापुरात विवेकवादी नेते गोविंद पानसरे यांच्यावर आणि ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही शहरे बेळगावपासून मोटारीने दोन-अडीच तासांच्या आत आहेत. त्या पावसाळ्यानंतर आमच्या बैठकांना माणसे कमी झाली. जी येत ती दाराजवळ बसत. ज्याला तुमचे बोलणे बंदच पाडायचे आहे त्याच्याशी सौम्य भाषेने चर्चा होईल असे मी म्हणणार नाही. पण ताटावरून उठून गेलेले चुलते तसे नव्हेत. ते दुखावलेले आहेत, आणि दुखावलेला माणूस बोलायला तयार असतो.

तेव्हा आता काय करावे? सणाच्या पंगतीत आणि चारचौघांत हा विषय पुन्हा काढू नका. माघार घ्यायला जागा नसली की माणूस हट्टाला पेटतो. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आणि माघातल्या सौंदत्तीच्या यात्रेच्या आगेमागेही नको, तेव्हा घरात 'उदो'चा गजर असतो. एखाद्या साध्या संध्याकाळी एकट्याच जा आणि चुलत्यांना म्हणा, "पाडव्याला मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. जटेविषयीचं माझं मत तेच आहे, पण तुमचं म्हणणं मी नीट ऐकलं नव्हतं, ते ऐकायला आले." या वाक्यातला दुसरा भाग गाळू नका, नाहीतर ती नुसती माफी होईल आणि पुढच्या वेळी तुम्ही पलटलात असे त्यांना वाटेल.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात चुलत्यांचे म्हणणे आहे, तुमचे आहे, काकूंचे एकही वाक्य नाही. मान त्यांची दुखते आहे. चुलत्यांकडे जाण्याआधी त्यांच्याजवळ बसा, मानेला शेक द्या, जट पहिल्यांदा हाताला लागली तो दिवस कसा होता ते विचारा आणि मध्ये बोलू नका. त्यांना ठेवायची असेल तर निदान उशी कशी घ्यायची, जटेचे वजन खांद्यावर कसे पेलायचे, उवांना औषध कोणते, एवढे तरी तुम्ही करू शकता. काढायची असेल तर चुलत्यांशी कसे आणि कधी बोलायचे हे त्यांनाच तुमच्यापेक्षा चांगले माहीत असेल. कापायची वेळ आलीच तर कात्री धारदार घ्या आणि टाळूपासून दोन बोटे सोडून कापा, कारण जटेच्या ओढीने मुळाशी कातडी वर आलेली असते. कापलेल्या जटेचे काय करायचे ते काकू सांगतील तसे करा. माझ्या माहितीतल्या बहुतेक जणींनी ती फडक्यात बांधून, ओटीच्या सामानासह, सौंदत्तीच्या डोंगरावर नेली, आणि दोघी-तिघींबरोबर मीही गेले आहे.